फिल्डवरच्या चार ओळी: नोंद म्हणायची की नुसती पोस्ट?

कातळवेडी

नमस्कार मंडळी. चार वर्षं वाचनमात्र आहे. पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

मी देवगड तालुक्यातल्या सड्यांवर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारांवर, पीएचडीचं काम करतेय. काम सांगितलं की लोक हसतात. सड्यावरचे सुटे दगड एकेक करून उचलायचे, खाली कोण आहे ते बघायचं, लिहायचं आणि दगड होता तस्साच परत ठेवायचा. पहिल्याच आठवड्यात गुरं घेऊन आलेल्या एका आजोबांनी विचारलं होतं, "गो बाय, दगडाखाली सोना गावता काय?" सोनं नाही, पण पांढऱ्या पट्ट्यांची एक बोटभर पाल गावते. जांभ्याच्या सड्यांची ती खास रहिवासी. रत्नागिरी जिल्ह्यातल्या डोर्ले गावच्या नमुन्यांवरून १९६३ साली तिचं शास्त्रीय वर्णन झालं. दिवसभर ती दगडाखाली असते. म्हणजे दगड हेच तिचं घर.

तर मुद्दा. दोन वर्षं मी रोज संध्याकाळी त्या दिवसाच्या फिल्डबद्दल चार ओळी ऑनलाइन टाकतेय. नमुने देते:

"१२ जून, सकाळी ७:१०. सडा कोरडा, अजून तापलेला. ४० दगड उचलले, ४० ठेवले. पाल ०. विंचू ३. मुंग्या अंडी घेऊन वर चालल्यात."

"३ जुलै. आडवा पाऊस. डेटाशीट भिजून पापड. एका डबक्यात शेपटीवाली बेडूकपिल्लं, काल नव्हती."

"१९ ऑक्टोबर. चौकोन क्र. ६ मधले निम्मे दगड गायब. ट्रॅक्टरच्या चाकांच्या खुणा. खालच्या बागेला नवा गडगा उभा राहतोय."

(चौकोन म्हणजे मी अभ्यासासाठी आखलेला सड्याचा तुकडा, गडगा म्हणजे सुटे दगड रचून केलेलं कुंपण.)

गाईडना हे पसंत नाही. त्यांचं म्हणणं असं: हे डेटाशीटमध्ये असेल तर तिकडे परत लिहायचं कशाला? आणि डेटाशीटमध्ये नसेल तर थिसिसमध्ये येणार कुठून? मी गप्प बसले, कारण उत्तर नव्हतं.

मग गेल्या महिन्यात प्रकरण लिहायला बसले. चौकोन ६ मध्ये पालींची संख्या ऑक्टोबरात एकदम खाली आलेली. डेटाशीट उघडली. रकाने: वेळ, हवेचं तापमान, दगडाची लांबी-रुंदी-जाडी, जात, संख्या. ऑक्टोबरच्या ओळीत फक्त दगड कमी दिसतात, का ते नाही. गडग्यासाठी रकानाच नव्हता ना! तो सापडला पोस्टीत. मी पार विसरले होते.

आता गाईड म्हणतात, "पोस्ट म्हणजे पुरावा नव्हे." इथे फिल्डवर काम केलेले बरेच जण आहेत हे माहीत आहे. तुम्ही काय करता? काय लिहावं, काय लिहू नये?

बगळ्याची_मान

मस्त धागा. पहिला प्रतिसाद माझाच, पेढे द्या.

मला तुमची १२ जूनची ओळ सगळ्यात आवडली, कारण तिच्यात "पाल ०" आहे. लोक शून्य लिहीतच नाहीत. आम्ही पक्षीवाले ई-बर्डवर, म्हणजे पक्षीनोंदींच्या साइटवर, यादी टाकतो तेव्हा शेवटी एक प्रश्न असतो: दिसलेले-ऐकलेले आणि ओळखलेले सगळे पक्षी यात आहेत का? हो म्हटलं की जो पक्षी यादीत नाही त्याचं नसणंही कामाला येतं. किती वेळ बघितलं, किती चाललात, हेही लिहायचं. 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स'चा २०२३चा अहवाल असल्याच याद्यांवर उभा आहे: ३० हजारांवर निरीक्षक, ३ कोटींच्या आसपास नोंदी, ९४२ जाती. त्यातली एकेक नोंद बघायला गेलं तर चार ओळींचीच असते.

तेव्हा तुमच्या पोस्टीला कमी समजू नका. फक्त "४० दगड" हा आकडा कधी गाळू नका. किती शोधलं हे नसेल तर शून्याला अर्थ नाही.

तिरकस

आलो, पॉपकॉर्न घेऊन.

कातळवेडी, तुम्ही दिलेले तीनही नमुने उत्तम आहेत. पण तुम्ही निवडून दिलेत. बाकीच्या पाचशे पोस्टींचं काय? मी असली पुष्कळ खाती बघतो. पहिला आठवडा विंचू, मुंग्या, शून्य वगैरे. मग एका दिवशी घोणसाचा फोटो पडतो, दोन हजार बदाम मिळतात, आणि तिथून पुढे त्या सड्यावर फक्त घोणसच राहायला लागतात. कुणी खोटं बोलत नाही, पण रोज कुठला क्षण उचलायचा हे वाचणारे ठरवायला लागतात. डेटाशीटला बदाम मिळत नाहीत, हीच तिची थोरवी.

हलके घ्या.

पेन्सिल_एचबी

मी भूशास्त्रवाला, आता निवृत्त. तिरकस यांच्याशी अर्धा सहमत.

१९६७च्या ११ डिसेंबरला पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी कॉलेजात होतो. नंतरच्या आठवड्यात सरांबरोबर जमिनीतल्या भेगा बघायला गेलो. सरांनी प्रत्येकाच्या हातात एक वही आणि पेन्सिल दिली आणि तीन नियम सांगितले. पेन्सिलनेच लिहायचं, शाई पाण्यात फुटते. जागेवरच लिहायचं, मुक्कामावर येऊन नाही. आणि चुकलं तर खोडरबर वापरायचा नाही. एक आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला तारीख आणि सही.

मी एका भेगेची दिशा चुकीची लिहिली होती, कंबर मोडेस्तोवर वाकून मोजलेली. होकायंत्र जीपच्या फार जवळ धरलं होतं. दुसऱ्या दिवशी कळलं, रेघ मारली, कारण लिहिलं. ती रेघ आजही वहीत आहे, आणि त्या पानावरच्या बाकीच्या मापांवर माझा विश्वास आहे तो त्या रेघेमुळेच.

तेव्हा माझा प्रश्न सरळ आहे. तुम्ही पोस्ट पुसता का? पुसली तर मागे काही राहतं का? राहत नसेल तर तुमच्या गाईडचं बरोबर आहे. चार ओळींची म्हणून पोस्ट कच्ची ठरत नाही. ती गुपचूप बदलता येते म्हणून ठरते.

अवांतर: भिजलेल्या डेटाशीटसाठी प्लास्टिकचा कागद मिळतो, त्यावर पेन्सिल पावसातही चालते. थिसिस होईपर्यंत तरी पापड वाळवू नका.

शंखशिंपले

वाचतेय. माझा अनुभव वाचकाच्या बाजूचा आहे.

२०२२च्या जानेवारीत वेळास आणि आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर अंडी घालायला आलेल्या ऑलिव्ह रिडले कासविणींच्या पाठीवर उपग्रह-टॅग बसवले, ते आठवतंय? प्रथमा आणि सावनी. मग गुहागरहून आणखी तीन, रेवा, लक्ष्मी, वनश्री. पश्चिम किनाऱ्यावर असं पहिल्यांदाच होत होतं. मॅंग्रोव्ह फाउंडेशन आणि वाइल्डलाइफ इन्स्टिट्यूटचा प्रकल्प. मधूनमधून एखादा छोटा नकाशा आणि दोन ओळी यायच्या: आता इथे आहे, इतकी लांब गेली. आमच्या घरी सासूबाई सकाळी चहाच्या आधी "प्रथमा कुठवर पोचली?" विचारायच्या. माझ्याबद्दल कधी विचारलं नाही इतकं!

पण मला जास्त लक्षात राहिलं ते सिग्नल बंद पडले तेव्हाचं. लोकांचा एकच प्रश्न, मेली का? आणि उत्तर होतं की तसं म्हणता येत नाही. कासव श्वास घ्यायला वर आलं तरच टॅग उपग्रहाशी बोलतो. टॅग सुटून पडू शकतो, अँटेना मोडू शकते, बॅटरी संपू शकते. संशोधनात "माहीत नाही" हेही उत्तर असतं, हे सासूबाईंना शाळेने शिकवलं नव्हतं, त्या दोन ओळींनी शिकवलं. पुढच्या वर्षी टॅग लावलेली बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली तेव्हा त्या मलाच समजावत होत्या की एका कासवावरून सगळ्यांचं ठरवू नये. ओडिशात २०२१ साली खुणेचा बिल्ला लावलेली एक मादी २०२४ साली गुहागरला अंडी घालताना सापडली, ही बातमी वाचल्यावर मात्र "आता दोन झाली" असं बोटं मोजून म्हणाल्या.

कातळवेडी

सगळ्यांचे आभार, इतकं येईल असं वाटलं नव्हतं.

तिरकस, तुमचा प्रतिसाद वाचून रात्री माझ्याच सगळ्या पोस्टी खालपर्यंत चाळल्या. लाज वाटली. पहिल्या जूनमध्ये जवळजवळ रोज शून्यं आहेत. दुसऱ्या वर्षी देवगांडुळाची (गांडुळासारखा दिसणारा, बिनपायांचा उभयचर) एक पोस्ट फिरली, आणि त्यानंतर "आज काही नाही"च्या पोस्टी विरळ होत गेल्यात. मी ठरवून नाही केलं. सड्यावर मात्र काहीच न सापडण्याचे दिवस तितकेच होते, डेटाशीटमध्ये दिसतात. म्हणजे घोणस नाही तर देवगांडूळ, पण तुमचं खरं निघालं.

पेन्सिलकाका, हो, मी पुसते. टायपो दिसला की पुसून नवी टाकते. मराठीत लिहिताना तर अक्षरं पुरत नाहीत म्हणूनही. ट्विटरवर २०१७ पासून १४० ची २८० झाली खरी, पण एक क्ष तीन धरतात, वेलांट्या-काने वेगळे. "क्षेत्र" लिहिलं की काळजात चर्र होतं.

तांबडी_माती

मी देवगडचाच. तुमची पोस्ट मी तिकडेही बघितली होती, नाव माहीत नव्हतं.

रागावून नाही, पण सांगतो. तुम्ही जागा लिहीत नाही हे चांगलं. पण ऑगस्टातल्या त्या फुलांच्या फोटोत मागे पवनचक्क्या आहेत, आणि डावीकडे समुद्राचा एक कोपरा. कुठला सडा ते आमच्याकडे शेंबडं पोर सांगेल. त्यानंतरच्या रविवारी वर चार गाड्या आल्या होत्या. तुमच्याच पोस्टमुळे असं मी म्हणत नाही, पण चाकं फुलांतून गेली ती गेली. सड्यावर माती असते दोन बोटं. एकदा दाबली की पुढच्या पावसापर्यंत काही खरं नाही.

बर्कलीकर

तांबडी_माती यांनी दुखऱ्या जागी बोट ठेवलं.

चीनमधल्या ग्वांगशीतून १९९९ साली एका सुंदर पालीचं वर्णन प्रसिद्ध झालं, गोनियुरोसॉरस लुई. रीतीप्रमाणे सापडल्याची जागा शोधनिबंधात दिलेली. पाळीव प्राण्यांच्या बाजारासाठी पकडणारे तो पत्ता घेऊन पोचले आणि काही वर्षांत मूळ जागेवरून ती पाल नाहीशी झाली. हे तर छापील शोधनिबंधाचं. फोनच्या फोटोत अक्षांश-रेखांश आपोआप नोंदलेले असतात. बऱ्याच मोठ्या साइट्स ते काढून टाकतात, पण व्हॉट्सॲपवर फोटो "डॉक्युमेंट" म्हणून पाठवला की सगळं जसंच्या तसं पुढे जातं. आय-नॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या साइटवर धोक्यातल्या जातींची जागा आपोआप धूसर होते, साधारण २२ किलोमीटर बाजूच्या चौकोनात कुठेतरी ठिपका पडतो. मागची पवनचक्की मात्र कुठलंही सॉफ्टवेअर धूसर करत नाही.

आता दुसरी बाजू, नाहीतर कातळवेडी खातंच बंद करायची. अमेरिकेतल्या एका संशोधकाने ट्विटरवर एका वाणीचा, म्हणजे मिलिपीडचा, फोटो टाकला. कोपनहेगनमधल्या एका प्राणिशास्त्रज्ञ बाईंना त्या वाणीच्या अंगावर बारीक ठिपके दिसले. संग्रहालयातले नमुने काढून बघितले तर ती नवी परजीवी बुरशी निघाली. २०२० साली तिचं नाव ठेवलं, ट्रोग्लोमायसीस ट्विटरी. फोटो टाकणाऱ्याला ते ठिपके दिसलेच नव्हते.

आमच्या इथल्या, कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या, प्राणिसंग्रहालयात (म्युझियम हो, पिंजरेवालं नाही) जोसेफ ग्रिनेल नावाचे संचालक होते, १९०८ पासून. फिल्डवर गेलेल्याने रोजची हकिगत, जातवार नोंदी आणि नमुन्यांची यादी ठेवायची ही शिस्त त्यांची. शंभरेक वर्षांनी इथल्याच लोकांनी त्या वह्या हातात घेऊन योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात त्याच जागी परत सर्वेक्षण केलं आणि काही छोटे सस्तन प्राणी डोंगरावर वर सरकलेले दिसले. वह्या कपाटात होत्या म्हणून जमलं. तुमच्या पोस्टी शंभर वर्षांनी कुठल्या कपाटात असतील?

बगळ्याची_मान

शंभर सोडा. २०२३ साली ट्विटरने फुकटची एपीआय (प्रोग्रॅमने ट्विटं उतरवून घ्यायची सोय) बंद केली आणि ट्विटांवर अभ्यास करणाऱ्या कितीतरी जणांची कामं एका फटक्यात अडकली. खातं तुमचं, पण कपाट दुसऱ्याचं.

कातळवेडी

तांबडी_माती, माफ करा. पवनचक्की माझ्या लक्षातच आली नाही, रोज बघून दिसेनाशी झाली होती. फोटो आत्ता काढून टाकला.

पेन्सिल_एचबी

थांबा, थांबा. काढलात ते योग्यच. पण मागे काय ठेवलंत?

कातळवेडी

काहीच नाही, काका. अरेच्चा.

पेन्सिल_एचबी

मग तिथेच खाली लिहा: "अमुक तारखेचा फोटो काढून टाकला, जागा ओळखू येत होती. मूळ फोटो व नोंद माझ्या वहीत आहे." झाली आडवी रेघ. जागा लपवणं आणि नोंद लपवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली करावी लागते, दुसरी करू नये.

तिरकस

काका, दंडवत. पण मी हट्ट सोडत नाही.

सगळे मला इन्स्टाग्रामवरच्या त्या सापाचं उदाहरण देणार हे माहीत आहे, म्हणून मीच देतो. २०२०च्या लॉकडाउनमध्ये हिमाचलात चंबा जिल्ह्यात घरी अडकलेल्या एका विद्यार्थ्याने परसात दिसलेल्या कुकरी सापाचा फोटो टाकला. बंगळुरूतल्या एका सरीसृपतज्ज्ञाला तो वेगळा वाटला. २०२१च्या डिसेंबरात नवी जात जाहीर झाली, चुराह खोऱ्यावरून ओलिगोडॉन चुराहेन्सिस. सगळ्या वर्तमानपत्रांत मथळा: इन्स्टाग्रामवर सापडला साप! सापडला परसात, राव. आणि नवी जात ठरली ती पुढे त्याच भागातून नमुने मिळवून, खवले मोजून, डीएनए तपासून. फोटोने दार वाजवलं, एवढंच. तुमच्या गाईडना तेवढंच म्हणायचं असेल तर त्यांना माझा नमस्कार सांगा.

शंखशिंपले

दार वाजलं नसतं तर कोण उघडणार होतं, तिरकसराव?

तिरकस

चहा घेऊन येतो, मग भांडू.

तांबडी_माती

आणखी एक, मग गप्प बसतो. आमच्या सातबाऱ्यावर सडा म्हणजे पोटखराबा. कागदावर तिथे काही नाहीच. म्हणून सुरुंग लावून खड्डे पाडतात, बाहेरून माती आणून भरतात, कलमं लावतात. माझीही वीस कलमं तशीच आहेत, खोटं कशाला बोलू. २००२च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक पंचायतीत लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. आमची मी बघितली. सड्यासाठी दीड ओळ आहे, ती पण "गुरे चरतात" अशी.

तुमच्या पोस्टी अमेरिकेतले लोक वाचतात, पुण्यातले वाचतात. चौकोन ६चे दगड ज्याने नेले त्याला कोण सांगणार? तो माझा चुलत भाऊ आहे. त्याला वाटलं, सुटे दगड पडलेत, कुणाचे नाहीत. ते कुणाचं घर आहे हे कळायला त्याने तुमचं खातं शोधायचं का?

कातळवेडी

हा प्रतिसाद वाचून दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण तोंड नव्हतं. दोन वर्षांत मी त्या वाडीत एकदाही बसून बोलले नाही. जाता-येता "काय, बरं आहे?" एवढंच.

काल गाईडशी बोलले. आडवी रेघ, शून्यं आणि पवनचक्की, तिन्ही सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "डेटाशीटला शेवटी एक मोठा रकाना जोड. नाव ठेव 'इतर'. आणि रोजची पोस्ट आधी वहीत, मग तिकडे." म्हणजे क्रम उलटा झाला. आधी जागेवर पेन्सिलने, आकड्यासकट, पाल शून्य असली तरी. संध्याकाळी त्यातलंच तिकडे, जागेशिवाय, क्षितिज नसलेल्या फोटोसह. महिन्याच्या शेवटी सगळं उतरवून तारीखवार फाइल, एक प्रत गाईडकडे. नेमक्या जागा फक्त वहीत आणि त्या फाइलीत. जुन्या पाचशे पोस्टीही उतरवतेय, पुसलेल्यांच्या जागी "इथे पोस्ट होती, मी पुसली" असं लिहून. एकोणीस निघाल्या.

गडगा थिसिसमध्ये येणार आहे. पोस्टीच्या नाही, ट्रॅक्टरच्या खुणा आणि आधी-नंतरची दगडांची मोजणी यांच्या जोरावर. पोस्टीने फक्त कुठे बघायचं ते सांगितलं. (तिरकस, हसू नका.)

तांबडी_माती, पुढच्या पंधरवड्यात येतेय. तुमच्या भावाकडे एक संध्याकाळ बसता येईल का? दगड परत मागायला नाही. नोंदवहीतली दीड ओळ वाढवायची असेल तर पंचायतीत कुणाला भेटायचं तेही सांगा.

तांबडी_माती

या. शनिवारी नको, भजन असतं. भाऊ तापट आहे पण घावणे चांगले करते वहिनी.

ता. क. माझ्या मुलीचा प्रश्न: एवढीशी पाल, तिचं वजन कसं करता? सातवीत आहे.

कातळवेडी

पातळ प्लास्टिकच्या पिशवीत हळूच घालायची, पिशवी छोट्या स्प्रिंगच्या काट्याला टांगायची, मग रिकाम्या पिशवीचं वजन वजा करायचं. कधीकधी पिशवीचंच जास्त भरतं. मुलीला त्या संध्याकाळी काटा दाखवते.

पेन्सिल_एचबी

काटा रोज सकाळी ओळखीच्या वजनाने तपासता ना? नसाल तर 'इतर' रकान्यात लिहा.